सबबी काढून घेतलेला माणूस: ‘मॅकबेथ’मधलं अधःपतन कसं रचलं आहे

कथा-कादंबरीत दुष्ट माणूस उभा करायचा म्हटलं की बहुतेक लेखक भर घालत सुटतात. बळी वाढवतात, रक्त वाढवतात, खलपुरुषाच्या तोंडी लांबलचक तत्त्वज्ञान घालतात आणि मागे कुठेतरी एक करपलेलं बालपण चिकटवून देतात. शेक्सपिअरने साधारण १६०६ च्या सुमारास ‘मॅकबेथ’ लिहिताना याच्या अगदी उलट काम केलं. त्याच्यापुढे जी सामग्री होती तिच्यात खुन्याच्या बाजूने बोलणाऱ्या बऱ्याच गोष्टी होत्या, आणि त्या त्याने एकेक करून काढून टाकल्या. ती सामग्री आजही वाचायला मिळते. त्यामुळे कुठे काय कापलं, काय हलवलं आणि त्याने काय साधलं, हे अंदाजाने बोलावं लागत नाही. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून ताडून पाहता येतं. खाली तेच केलं आहे.

कच्चा माल

राफेल हॉलिनशेडच्या नावाने ओळखली जाणारी बखर पहिल्यांदा १५७७ मध्ये छापली गेली. शेक्सपिअरने वापरली ती १५८७ ची वाढवलेली आवृत्ती. तिच्यातला डंकन हा स्कॉटलंडचा मवाळ, ढिला राजा आहे आणि त्याच्या ढिलाईमुळेच बंडं माजतात. मॅकबेथ त्याचा मावसभाऊ. वारस लहान असेल तर गादी जवळच्या रक्ताच्या नातलगाकडे जावी, असा जुना रिवाज होता. डंकनने आपल्या अल्पवयीन मुलाला कंबरलँडचा राजपुत्र म्हणून जाहीर केलं आणि मॅकबेथचा हक्क बुडाला. म्हणजे बखरीतल्या मॅकबेथची तक्रार खरी आहे. तो आपल्या विश्वासातल्या मित्रांशी मसलत करतो, त्यांत बँक्वो सगळ्यांत पुढे, आणि त्यांच्या बळावर राजाला मारतो. पुढची दहा वर्षं तो चांगलं राज्य करतो, कायदे करतो, लुटारूंना वचक बसवतो. एकूण कारकीर्द सतरा वर्षांची.

(प्रत्यक्ष इतिहासातला मॅकबेथ १०४० ते १०५७ राज्यावर होता. डंकन लढाईत पडला, अंथरुणात नाही. १०५० मध्ये मॅकबेथ रोमच्या यात्रेलाही जाऊन आला. इतिहासाच्या दृष्टीने या राजावर नाटकाने घोर अन्याय केला आहे, पण तो विषय वेगळा.)

घरी पाहुणा म्हणून आलेल्या राजाला झोपेत मारण्याचा प्रसंग बखरीत आहे, पण मॅकबेथच्या पानांवर नाही. तो डफ नावाच्या आधीच्या एका राजाचा. त्याला डॉनवल्ड नावाचा सरदार मारतो. बायको त्याला भरीस घालते, राजाच्या दोन शयनसेवकांना खाऊपिऊ घालून बेशुद्ध केलं जातं, आणि डॉनवल्ड आपल्या चार नोकरांकडून राजाचा गळा चिरून घेतो. खून केल्यावर रात्री आवाज ऐकू येतो तो प्रसंग तिसऱ्याच राजाचा, केनेथचा. त्याने पुतण्याला विष घातलेलं असतं.

काय काढलं, काय हलवलं

नाटकातला डंकन वयस्कर, प्रेमळ आणि लोकांना हवासा आहे. ढिलाई जवळपास दिसत नाही. मॅकबेथच्या वारसाहक्काचा उल्लेखच नाही. डंकनने आपला मुलगा माल्कम याला राजपुत्र जाहीर केल्यावर मॅकबेथ एवढंच म्हणतो की ही आपल्या वाटेतली पायरी आहे. आपल्यावर अन्याय झाला, असं तो एकदाही म्हणत नाही. बँक्वो कटात नाही. दहा चांगली वर्षं गायब. सतरा वर्षांचा काळ इतका आवळला आहे की प्रेक्षकाला तो काही आठवड्यांचाच वाटतो. वर यजमान आणि पाहुण्याचं नातं डॉनवल्डच्या गोष्टीतून उचलून इथे बसवलं आहे.

हे सगळे बदल एकाच दिशेचे आहेत. मॅकबेथला ‘पण माझं ऐका तरी’ असं म्हणायला जागा उरू नये, ही ती दिशा.

आता यापेक्षा बारीक एक बदल. डॉनवल्डने खून नोकरांकडून करवला होता. नाटकात मॅकबेथ स्वतः सुरा घेऊन जातो. उलट, फाइफचा सरदार मॅकडफ याच्या बायको-मुलांच्या हत्येच्या वेळी बखरीतला मॅकबेथ जातीने फौज घेऊन फाइफला येतो, वेढा घालतो, कारण मॅकडफ आत सापडेल अशी त्याची अपेक्षा असते. नाटकात तो तिकडे फिरकतही नाही, आणि मॅकडफ इंग्लंडला निसटला आहे हे त्याला आधीच कळलेलं असतं. म्हणजे पहिल्या खुनात लेखकाने हात जवळ आणला, शेवटच्या खुनात लांब नेला. पहिल्या खुनातून राज्य मिळतं, शेवटच्यातून काहीच मिळत नाही. हे अदलाबदलीचं काम योगायोगाने झालं असेल यावर विश्वास बसणं कठीण आहे. पुढे जे काही सांगायचं आहे ते या दोन रेषांवरच उभं आहे: कारण बारीक होत जातं आणि हात दूर जात राहतो.

पहिला गुन्हा: प्रश्न बदलतो ती जागा

पहिल्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात, मॅकबेथ रंगमंचावर येण्याआधीच, त्याने एका बंडखोराला बेंबीपासून जबड्यापर्यंत फाडल्याची बातमी येते आणि राजा खूश होऊन त्याची तारीफ करतो. हा तपशील नुसता थरारासाठी नाही. माणूस मारणं हा या माणसाचा मान्यता पावलेला धंदा आहे, हे इथे पक्कं होतं. त्यामुळे पुढे खून ही नीतीची मोजपट्टी राहत नाही, कुणाला आणि कशासाठी मारलं ती राहते. सालस कारकुनाच्या हातात अचानक चाकू देणाऱ्या लेखकाला हा फायदा मिळत नाही. तिथे वाचक ‘याला हे जमलं कसं’ यातच अडकतो.

चेटकिणी मॅकबेथला तो राजा होईल असं भविष्य सांगतात, पण ‘खून कर’ असं कुणीच म्हणत नाही. बँक्वोलाही भविष्य सांगितलं जातं, तेही आकर्षक: त्याचे वंशज राजे होतील. एकच आमिष, दोन माणसं, दोन परिणाम. मॅकबेथ दचकतो आणि ते दचकणं बँक्वोच्या नजरेला पडतं. चांगली बातमी ऐकून माणूस घाबरतो कशाला? विचार आधीपासून आत होता, हे त्या एका हालचालीतून कळतं. त्यासाठी वेगळा पूर्वेतिहास लिहावा लागला नाही.

सातव्या प्रवेशातलं स्वगत २८ ओळींचं आहे. ते पुन्हा पुन्हा वाचण्यासारखं आहे, कारण त्याची सुरुवात नीतीने होत नाही, हिशेबाने होते. हे कृत्य केलं आणि तिथेच संपलं, तर परलोकाचं पाहता येईल. पण रक्तपाताचे धडे दिले की ते गुरूवर उलटतात, ही त्याची पहिली धास्ती. मग तो नैतिक कारणांकडे वळतो: मी याचा नातलग, मी याची प्रजा, मी याचा यजमान, आणि हा राजा इतका सज्जन की त्याचे गुणच आरडाओरडा करतील. दुसऱ्या पारड्यात काय, तर फक्त महत्त्वाकांक्षा, आणि तिला तो स्वतःच उडी मारून पलीकडे कोसळणारी म्हणतो. वाचकाने जे आक्षेप घ्यायचे ते सगळे गुन्हेगारानेच घेतले. त्याला समजत नव्हतं, कुणी फसवलं, परिस्थितीच तशी होती, यांतली एकही पळवाट आता शिल्लक नाही.

इथे त्याची बायको येते. ‘हे प्रकरण आता इथेच थांबवू,’ असं तो सांगतो. तिथपासून ‘माझं ठरलं’ या शब्दांपर्यंत पन्नासपेक्षा कमी ओळी आहेत. तिची अवजारं क्रमाने पाहा. आधी प्रेमावर बोट: आजपासून तुझ्या प्रेमाची किंमत मला कळली. मग भित्रेपणाचा टोमणा. मग मर्दानगी: हिंमत दाखवलीस तेव्हा तू पुरुष होतास. मग शपथ, दूध पिणाऱ्या बाळाचा तो भयंकर दाखला देऊन. आणि सगळ्यांत शेवटी योजना: दोन शयनसेवकांना दारू पाजायची आणि आळ त्यांच्यावर ढकलायचा.

शपथ आणि योजना यांच्या मधोमध मॅकबेथ एक छोटा प्रश्न विचारतो: आपण फसलो तर? सगळ्या नाटकाची कळ इथे आहे. क्षणापूर्वी तो ‘हे करू नये’ म्हणत होता, आता ‘हे जमेल का’ विचारतो आहे. पहिल्या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नव्हतं आणि तिने ते दिलंही नाही. दुसऱ्याला आहे. नैतिक प्रश्नाचा कामकाजाचा प्रश्न झाला की माणूस हरला, आणि ही हार लेखकाने कुठेही ठळक केलेली नाही. कुणी थबकत नाही, वीज कडाडत नाही. प्रश्न पुढे जातो, उत्तर येतं, बोलणं चालू राहतं.

खून पडद्याआड होतो. आपल्यासमोर येतात ते नंतरचे हात. दुसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात त्याला ‘आमेन’ म्हणता आलं नाही याचं कोडं पडलेलं असतं. झोपेचाच खून झाल्याचा आवाज त्याच्या कानात असतो. हातात दोन्ही सुरे तसेच, जे खोलीतच ठेवायचे ठरलं होतं. तो परत जायला तयार नाही, म्हणून ती जाते. ही चूक फार मोलाची आहे. सराईत नसलेल्या माणसाच्या हातून होईल अशी ती चूक आहे, आणि तिच्यामुळे बायकोच्याही हाताला रक्त लागतं. पाचव्या अंकात त्या रक्ताचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, पण तो धागा इथे, एका विसरलेल्या कामातून विणायला घेतला आहे.

विसरला जाणारा दुसरा गुन्हा

‘मॅकबेथ’मधले खून मोजायला सांगितले तर पुष्कळजण डंकन, बँक्वो आणि मॅकडफचं कुटुंब एवढेच सांगतात. मधले दोन शयनसेवक राहून जातात. खून उघडकीला आल्यावर मॅकबेथ खोलीत धावतो, त्या दोघांना मारून टाकतो आणि बाहेर येऊन सगळ्यांसमोर सांगतो की संतापाच्या भरात हातून घडलं, आता वाईट वाटतं. हे ठरलेल्या योजनेत नव्हतं. आधी स्वगत नाही, नंतर आवाज नाहीत, हातांकडे पाहणं नाही. कारणही तिथल्या तिथे आणि टाळ्या घेईल असं: राजावरचं प्रेम आवरलं नाही.

म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, असं आपण म्हणतो. काळ सोकावतो तो नेमका या ठिकाणी, आणि नाटक तिकडे बोट दाखवत नाही. लेडी मॅकबेथ याच वेळी घेरी येऊन पडते. ते सोंग की खरं, यावर वाद आहे. खरं मानलं तर तिला त्या क्षणी कळलेलं असतं की नवरा आता तिच्या आखणीबाहेर गेला.

ज्यांना अधःपतनाची गोष्ट लिहायची आहे त्यांनी या मधल्या गुन्ह्याचा अभ्यास करावा. पहिला गुन्हा आणि शेवटचा गुन्हा कुणालाही सुचतो. पहिला झाकण्यासाठी केलेला, सहज झालेला, समाजात खपून गेलेला दुसरा गुन्हा सुचायला वेळ लागतो, आणि घसरण खरी वाटते ती त्याच्यामुळे.

तिसरा: शिकलेलं हत्यार

तिसऱ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात बँक्वोबद्दलचं स्वगत साधारण २५ ओळींचं आहे. लांबी पहिल्याच्या जवळपास तेवढीच, माल वेगळा. ‘का करू नये’ हा भाग पूर्ण गेला आहे. भीती आणि मत्सर उरले आहेत, आणि एक विलक्षण तक्रार: बँक्वोच्या पोरांसाठी का मी माझं मन विटाळलं? केलेल्या पापाबद्दल खंत नाही, त्याचा फायदा दुसऱ्याला जाईल याचा राग आहे.

मग दोन मारेकरी येतात. त्यांच्याशी बोलणं ६० ओळींच्या वर चालतं, आणि काटछाट करणाऱ्या दिग्दर्शकांची कात्री इथे हमखास चालते. चालू नये. राजाला दोन कंगाल माणसांना हुकूम सोडता आला असता. तो त्यांना पटवत बसतो. काल एकदा भेट झालेली आहे. तुमच्या वाईट दिवसांना बँक्वो जबाबदार आहे, हे तेव्हा सांगून झालं आहे. आज तो विचारतो, एवढं सोसून तुम्ही त्याच्यासाठी प्रार्थना करणार का? ते म्हणतात, महाराज, आम्ही माणसं आहोत. यावर तो कुत्र्यांच्या जाती मोजायला लागतो: शिकारी, पळणारे, गल्लीतले, सगळ्यांना कुत्राच म्हणतात, तसे यादीत तुम्हीही पुरुष आहात, पण कुठल्या दर्जाचे?

हे वाक्य कुठून आलं ते लक्षात ठेवा. बायकोने त्याच्यावर चालवलेलं मर्दानगीचं हत्यार तो आता दुसऱ्यांवर चालवतो आहे. फरक एवढाच की तिचं बोलणं तळमळीचं होतं आणि याचं सरावाचं. भ्रष्ट झालेला माणूस दुसऱ्याला भ्रष्ट करण्याची पद्धत नव्याने शोधत नाही. स्वतः ज्या रीतीने वाकला तीच रीत वापरतो. मारेकरीही सराईत गुंड नाहीत. एक जगाच्या लाथा खाऊन बेपर्वा झालेला, दुसरा संकटांनी थकलेला. प्रत्येकी दोन-तीन ओळींत शेक्सपिअरने त्यांना माणूस करून टाकलं आहे. पुढच्या भेटीत तिसरा मारेकरी आपोआप येऊन मिळतो. पहिल्या दोघांवर नजर ठेवायला तो पाठवला असणार, एवढं त्या दोघांनाही समजतं.

बखरीत बँक्वो जेवणानंतर परतताना मारला जातो. नाटकात जेवणाआधी. वेळ काही तासांनी अलीकडे ओढली, एवढाच बदल, पण त्यामुळे मेलेला पाहुणा पंक्तीला येऊ शकतो. बखरीत भूत नाही. मॅकबेथचा सदसद्विवेक शेवटचा मोठ्याने बोलतो तो इथे, सगळ्या सरदारांसमोर, आणि लेडी मॅकबेथला ‘यांना लहानपणापासून असे झटके येतात’ म्हणून सावरावं लागतं. पाहुणे गेल्यावर तो सांगतो की प्रत्येक सरदाराच्या घरात आपण एक पगारी नोकर पेरला आहे. रक्तात इतका पुढे आलो आहे की परतणंही पलीकडे जाण्याइतकंच कंटाळवाणं, हेही तो तेव्हाच म्हणतो. कंटाळवाणं, असा शब्द वापरतो. भयानक नव्हे.

चौथा: कारण संपलं

चौथ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात मॅकडफ पळाल्याची बातमी येते. निर्णय जेमतेम बारा-तेरा ओळींत होतो, आणि त्या ओळींतही विचार असा नाही. विचार आणि कृती यांत यापुढे अंतर ठेवायचं नाही, हीच प्रतिज्ञा. पुढच्याच प्रवेशात आपण फाइफच्या घरात असतो. आई मुलाला सांगते की तुझा बाप मेला. मुलगा ते मानत नाही आणि विचारतो, गद्दार म्हणजे काय? शपथ मोडणाऱ्या सगळ्यांना फाशी द्यायची तर शपथ मोडणारे मूर्खच म्हणायचे, कारण ते संख्येने जास्त आहेत, असा हिशेब तो मांडतो. प्रेक्षक हसतो आणि मारेकरी आत येतात.

हा मुलगा या प्रवेशाआधी आपल्याला माहीतही नव्हता. लेखकाकडे त्याला जिवंत करायला मोजकीच मिनिटं होती, आणि त्याने गोंडसपणा न वापरता हुशारी वापरली. बळीला निरागस, निळ्याशार डोळ्यांचा वगैरे करण्यापेक्षा त्याला एक तर्कट वाद घालू देणं किती परिणामकारक ठरतं, याचा हा नमुना आहे. डंकनच्या मृत्यूत आपण खुन्याच्या डोक्यात होतो. इथे आपण बळीच्या घरात आहोत आणि खुनी कुठेच नाही. कॅमेरा फिरवावा तशी बाजू फिरली, आणि मॅकबेथबद्दलची उरलीसुरली कणव इथे आटते.

बायको: उलट्या दिशेने

तिच्या बाबतीत आलेख उलटा आहे. सुरुवातीला ती काळ्या शक्तींना हाक मारून आपल्यातली कोवळीक काढून घ्यायला सांगते. ज्याला काढून टाकायला हाक मारावी लागते ते आत आहे, हे उघड आहे. खुनाच्या रात्री ती म्हणून जाते की झोपलेला राजा माझ्या बापासारखा दिसला नसता तर मीच उरकलं असतं. थोडं पाणी पुरेल, असंही म्हणते.

दोघांच्या नात्यातली खरी घट माहितीच्या देवाणघेवाणीत दिसते. पहिल्या अंकात तो चेटकिणींची बातमी तिला पत्राने कळवतो, थोरवीतली भागीदार म्हणून. तिसऱ्या अंकात बँक्वोबद्दल तिला सांगत नाही. झाल्यावर वाहवा कर, तोवर तुला काही ठाऊक नसलेलं बरं, असं लाडात म्हणतो. फाइफचं तर तिला विचारण्याचा प्रश्नच येत नाही. पंक्तीच्या प्रवेशानंतर ती थेट पाचव्या अंकात दिसते, झोपेत चालताना. बोलणं आता पद्यात नाही, तुटक गद्यात आहे, आणि तिच्या तोंडी येतं की फाइफच्या सरदाराला बायको होती. जे तिने केलंच नाही त्याचाही भार तिच्यावर आहे, आणि ज्याने केलं तो निवांत. पुढे तिच्या मृत्यूची बातमी येते तेव्हा त्याच्या तोंडून निघतं ते थकलेल्या माणसाचं बोलणं आहे. दुःख करायलाही वेळ हवा होता, असा काहीसा त्याचा सूर. त्याच्या जरा आधी बायकांचा आक्रोश ऐकून त्याला जाणवतं की भीतीची चवही आपण विसरलो आहोत.

आजूबाजूचे

चांगल्या माणसांना धुतल्या तांदळासारखं ठेवलेलं नाही, याकडे सहसा लक्ष जात नाही. बखरीतला बँक्वो कटातला भागीदार होता. १६०३ मध्ये इंग्लंडच्या गादीवर आलेला जेम्स राजा स्वतःला बँक्वोचा वंशज मानत असे, त्यामुळे त्याला स्वच्छ करणं भाग होतं. तरीही तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला एकट्या बँक्वोला दहा ओळी दिल्या आहेत. तू यासाठी घाणेरडा खेळ खेळलास असं वाटतं, असं तो मनाशी म्हणतो, आणि लगेच पुढे: तुझं भविष्य खरं ठरलं तर माझंही ठरेल. मग तो गप्प बसतो. त्याचा दोष एवढाच.

मॅकडफचं तर आणखी अवघड. चौथ्या अंकातल्या लांब प्रवेशात माल्कम त्याची परीक्षा घेण्यासाठी आपल्यात अनंत दुर्गुण असल्याचं सांगतो. मी बायकांच्या बाबतीत अतृप्त आहे, म्हटल्यावर मॅकडफ म्हणतो, सोय होईल. मी लोभी आहे, म्हटल्यावर म्हणतो, देशात तेवढी संपत्ती आहे. माझ्यात एकही सद्गुण नाही, इथे पोचल्यावर मात्र तो कोसळतो. न्यायासाठी झगडणारा माणूस किती खपवून घ्यायला तयार होता, ते या बोलीतून उघडं पडतं. हा प्रवेश कंटाळवाणा म्हणून बदनाम आहे, आणि रंगमंचावर तो रेंगाळतो हे खरंही आहे. पण तो गाळला तर सगळा भ्रष्टाचार एका माणसात साठतो आणि बाकीचा देश निर्दोष ठरतो.

आपल्या संहितेवर लावताना

खलपात्र असलेली कथा-कादंबरी तपासायची तर प्रत्येक दुष्कृत्यासमोर पाच गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात: कृत्य कुणाच्या हाताने झालं, त्यातून करणाऱ्याला काय मिळालं, निर्णयाला किती जागा दिली, आधी कुणाला माहीत होतं, नंतर शरीरावर काय उमटलं. डंकन: स्वतःचा हात, राज्य, २८ ओळींचं स्वगत आणि वर सुऱ्याचा भास, बायकोला माहीत, हात आणि आवाज. शयनसेवक: स्वतःचा हात, संशयातून सुटका, निर्णयाला जागा शून्य, कुणालाच माहीत नाही, काही नाही. बँक्वो: भाड्याचे हात, अर्धवट फायदा कारण मुलगा निसटतो, २५ ओळी, बायकोपासून लपवलं, भूत. फाइफ: दूरचे हात, फायदा नाही, डझनभर ओळी, कुणाला सांगायची गरजच नाही, काहीच नाही.

अशी नोंद केल्यावर संहितेतले दोष चटकन दिसतात. सर्वांत नेहमीचा दोष म्हणजे कृत्यांचा आकार वाढतो पण बाकीचे रकाने तसेच राहतात: तेवढाच संघर्ष, तेवढाच घाम, तेवढाच पश्चात्ताप. वाचकाला मग आणखी मोठी कृत्यं द्यावी लागतात आणि तरी तो थंड राहतो. दुसरा दोष, पात्र पहिल्या पानावरच सडलेलं असणं. अशा पात्राचा धाक वाटू शकतो, पण अधःपतन दाखवता येत नाही, कारण पडायला उंचीच नाही. तिसरा दोष बालपणाचा. एखाद्या कृत्यामागची पार्श्वभूमी सांगावी की नाही, हा प्रश्न गौण आहे. ती पार्श्वभूमी पात्र सबब म्हणून वापरतं की लेखक वापरतो, हे पाहावं. पात्राने वापरली तर ती त्याच्या घसरणीचा भाग होते. लेखकाने वापरली तर वाचकाला निवाडा करायला काही उरत नाही.

कादंबरीत स्वगत नसतं, म्हणून अनेकजण निवेदकाला टिप्पणी करायला बसवतात. त्याऐवजी निवेदन पात्राच्या जवळ ठेवावं आणि ‘करू नये’पासून ‘जमेल का’पर्यंतचं वळण एकाच परिच्छेदात, सूचना न देता घ्यावं. वळण घेतल्यावर पुढचं वाक्य अगदी व्यवहाराचं हवं: किती वाजता, कोण असेल, दार कुठलं.

शेवट, आणि त्याची दुरुस्ती

मरताना मॅकबेथला काही बोलायला दिलेलं नाही. १६२३ च्या फोलिओत, म्हणजे नाटक पहिल्यांदा छापलं गेलं त्या प्रतीत, तो मॅकडफशी लढतो, मारला जातो आणि मॅकडफ त्याचं मुंडकं घेऊन येतो. त्याआधी अवघी एक खूण आहे. मॅकडफ समोर येतो तेव्हा तो म्हणतो, तू मागे फीर, तुझ्या माणसांच्या रक्ताचा माझ्यावर आधीच पुष्कळ बोजा आहे. कबुली म्हणावी तर एवढीच, आणि तीही लढाई टाळण्यासाठी असू शकते. मग माल्कम येऊन मेलेला खाटीक आणि त्याची राक्षसी राणी अशी वासलात लावतो. झोपेत चालणारी बाई माल्कमने पाहिलेली नाही, आपण पाहिली आहे. त्यामुळे त्याचा निवाडा बरोबर असूनही तोकडा वाटतो.

पुढच्या काळातल्या मंडळींना हे सहन झालं नाही. १६७४ मध्ये छापलेल्या विल्यम डेव्हनंटच्या रूपांतरात मॅकबेथ मरताना महत्त्वाकांक्षेच्या पोकळपणाला निरोप देणारं एक वाक्य बोलतो. डेव्हिड गॅरिकने १७४४ मध्ये बरंचसं मूळ नाटक पुन्हा रंगमंचावर आणलं, पण स्वतःसाठी मृत्यूचं भाषण लिहून घेतलं: भ्रम सरला, पापाचा काळोख दाटला, आत्मा नरकाकडे चालला. नटाला टाळ्या मिळाल्या असतील यात शंका नाही. पण ज्या माणसाला भीतीची चवही आठवत नाही असं दोनच प्रवेशांपूर्वी सांगितलं होतं, त्याला हे सगळं एकाएकी जाणवू लागतं, आणि चार अंकांत जे हळूहळू नाहीसं होताना दाखवलं ते आठ-दहा ओळींत परत मिळतं.